बटण दाबले, पण संगणक सुरू होत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सरता सरता या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो : संगणक सुरू होत नाही, मध्येच बंद पडतो किंवा हात लावला की झिणझिण्या येतात. यंदाच्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. पंधरवड्यापूर्वी रात्री विजांचा कडकडाट होऊन आमच्या गावची लाइट तीन-चार वेळा गेली आणि आली. सकाळी संगणकाचे बटण दाबले, तर पंखा नाही, दिवा नाही, आवाजही नाही. तालुक्याच्या दुकानात नेला तेव्हा पाच मिनिटांत ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून नव्या संगणकाचा हिशेबच हाती दिला. यंत्र सहा वर्षांचे आहे. खरोखरच मदरबोर्ड गेला असेल का? घरच्या घरी ते कसे ओळखावे?
– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण तालुका

उत्तर : गुरुजी, मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, गेलेला असू शकतो, परंतु पाच मिनिटांत तसे सांगता येत नाही. भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत वीज पाच-सहा टप्पे ओलांडून येते आणि तपासणी त्याच क्रमाने, भिंतीकडून आत, करायची असते. दुकानदार बहुधा उलट टोकाकडून सुरुवात करतात, कारण सर्वांत महाग भाग त्या टोकाला असतो.

प्रथम संगणकाची केबल ज्या सॉकेटमध्ये असते त्यातच टेबललॅम्प लावून पाहावा. नुसता टेस्टर लावून समाधान मानू नये. न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटलेला असला तरी टेस्टर पेटतो, दिवा मात्र लागत नाही. स्पाइक गार्ड असेल तर तो वगळून केबल थेट भिंतीत लावावी. मी स्वतः एकदा दोन तास एका संगणकाचे सगळे भाग टेबलावर पसरून बसलो होतो आणि दोष निघाला तो स्पाइक गार्डच्या एका सॉकेटमधल्या सैल पत्रीत. त्यावरचा लाल दिवा पूर्ण वेळ लागलेलाच होता. त्यानंतर केबल बदलून पाहावी. मॉनिटरची केबल बहुधा तशीच असते, तीच काढून लावता येते. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबात बदलणाऱ्या डब्यावर, लहान खटका असतो, तो रेषेच्या बाजूला दाबलेला आहे ना, हेही पाहावे. साफसफाईत तो बंद झालेली प्रकरणे मी इतक्या वेळा पाहिली आहेत की हे सांगताना आता संकोच वाटत नाही.

एवढे होऊनही काही घडले नाही, तर कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून मदरबोर्डकडे पाहावे. वीज जोडलेली असताना, संगणक बंद असला तरी, एसएमपीएस जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा मदरबोर्डला सतत देत असतो. बटण दाबल्याचे कळावे एवढ्यासाठीच तो असतो. पुष्कळ मदरबोर्डांवर या पुरवठ्याचा एक छोटा दिवा असतो. तो लागलेला असेल तर भिंत, केबल आणि एसएमपीएसचा अर्धा भाग शाबूत आहे असे समजावे आणि संशय समोरच्या बटणाकडे वळवावा. त्या बटणाच्या दोन बारीक तारा मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतात. तेथून त्या काढून शेजारच्या रिसेट बटणाच्या तारा त्या जागी लावाव्यात आणि रिसेट दाबून पाहावे. संगणक सुरू झाला तर दोष काही रुपयांच्या बटणाचा होता. रिसेटलाच कायमचे पॉवर बटण करून वर्षानुवर्षे काम करणारे लोक मला ठाऊक आहेत.

दिवा लागतच नसेल तर एसएमपीएस वेगळा काढून तपासावा लागतो. भिंतीतला प्लग काढावा, एसएमपीएसची सर्व जोडणी सोडवावी आणि मदरबोर्डला जाणाऱ्या २४ तारांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार (१६ क्रमांकाची पिन) कोणत्याही काळ्या तारेशी, सरळ केलेल्या कागदी क्लिपने जोडावी. मग प्लग लावून खटका चालू केला की एसएमपीएसचा पंखा फिरला पाहिजे. जुन्या एसएमपीएसना थोडा भार लागतो, म्हणून एखादी निकामी हार्ड डिस्क जोडलेली बरी. काही नव्या एसएमपीएसचा पंखा तापल्याशिवाय फिरत नाही, त्यामुळे खरा निर्णय मल्टिमीटरनेच करावा : पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ आणि राखाडी तारेवर सुमारे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. राखाडी तार म्हणजे ‘माझे सगळे दाब जागेवर आले’ असा एसएमपीएसने मदरबोर्डला दिलेला होकार होय. तो मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही. सगळ्याच तारा काळ्या असतील तर रंगावर विसंबू नये, पुस्तिकेतल्या आकृतीवरून पिना मोजाव्यात.

येथे एक गोष्ट बजावून सांगतो. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

आता आपल्या विजांच्या रात्रीबद्दल. आकाशातली वीज घरात वायरिंगमधूनच येते असे नाही. खांबावरून ओढलेली इंटरनेटची तांब्याची केबल हा तिचा आवडता रस्ता आहे. कॅबिनेटमागच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे ती केबल बसते त्या खाचेत, काळेपणा दिसतो का, जळका वास येतो का, ते पाहावे. लॅनची चिप जळून आत शॉर्ट झालेली असेल तर निरोगी एसएमपीएससुद्धा त्या मदरबोर्डवर सुरू होत नाही, कारण त्याचे संरक्षण त्याला थांबवते. म्हणून एसएमपीएस एकटा चालतो आणि मदरबोर्डला जोडला की पंखा क्षणभर थरथरून थांबतो, असे आढळले तर लगेच निकाल देऊ नये. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पुढचे यूएसबी आणि जादा रॅम काढून केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी ठेवून पुन्हा पाहावे. प्रत्येक वेळी प्लग काढून मिनिटभर थांबावे, कारण संरक्षणाने अडलेला एसएमपीएस वीज पूर्ण तोडल्याशिवाय मोकळा होत नाही. कोकणात आणखी एक गुन्हेगार विसरू नये. एसएमपीएसच्या उबेला आलेली पाल तारांच्या जोडांवर आडवी पडलेली मी दोनदा पाहिली आहे. दुसऱ्या वेळी पाल मेली होती, पण मदरबोर्ड मात्र साफ केल्यावर चालू झाला.

एवढे सारे करूनही, दुसऱ्या खात्रीच्या एसएमपीएसवर केवळ प्रोसेसर आणि रॅमसह मदरबोर्ड सुरू झाला नाही, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे धरावे.

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्रात सकाळी गर्दीच्या वेळी, शेजारच्या विहिरींवरचे पंप सुरू झाले की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि चालू नोंद जाते. व्होल्टेज कधी कधी १६० पर्यंत उतरते. वायरमनने सांगितले की मागच्या बाजूची लाल पट्टी २३० वरून ११५ वर सरकवा, म्हणजे कमी दाबावर चालेल. तसे करावे का?
– सचिव, दूध संकलन केंद्र, फलटण तालुका

उत्तर : कृपा करून करू नका. ती पट्टी ११५ वर सरकवली की एसएमपीएसच्या आत येणारा दाब दुप्पट करणारी रचना जोडली जाते. १६० व्होल्ट असेपर्यंत कदाचित निभावेल. परंतु पंप बंद होऊन दाब २३० वर परतला की आतल्या कॅपॅसिटरच्या जोडीवर सुमारे ६५० व्होल्ट येतात, आणि ते दोन्ही मिळून बहुधा ४०० व्होल्टपर्यंतचेच असतात. आमच्या दुकानात एका नव्या मुलाने ही पट्टी चुकून सरकवली होती, तेव्हा झालेला आवाज ऐकून समोरचा चहावाला धावत आला होता.

आपल्या केंद्रात घडते ते असे. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, त्यामुळे त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या सर्वांचा दाब क्षणभर कोसळतो. आपल्याकडे विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. वीज तुटल्यावर एसएमपीएसने पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते; म्हणजे एक आवर्तनही पूर्ण झेपत नाही. एसएमपीएस जुना असेल आणि त्यातले कॅपॅसिटर वाळले असतील, तर तोही अवधी उरत नाही. म्हणूनच त्याच ओळीवरचा एक संगणक तगतो आणि दुसरा प्रत्येक पंपाला मान टाकतो.

उपाय दोन पातळ्यांवर करावा. पहिला, एसएमपीएस बदलायचा झाल्यास त्याच्या लेबलवर ‘इनपुट १००-२४०’ असे छापलेले पाहून घ्यावे. अशा एसएमपीएसला १६० व्होल्टचे काही वाटत नाही आणि त्यावर लाल पट्टीही नसते. दुसरा, दाब सावरणारा आणि वीज जाताच बॅटरीवर संगणक चालवणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस बसवावा. यूपीएसवर लिहिलेला ६०० व्हीए हा आकडा वॉट नव्हे. असा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार घेतो, आणि त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटे देते. नोंद पूर्ण करून संगणक बंद करायला तेवढी पुरते. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नये, त्याचा तापक सुरू होताच यूपीएस किंचाळू लागतो. यूपीएस आधीपासूनच असेल आणि तरीही संगणक बंद पडत असेल, तर बॅटरीला तीन वर्षे झाली का ते पाहावे. बहुतेक ठिकाणी यूपीएस म्हणजे मेलेली बॅटरी घेऊन बसलेला एक जड स्पाइक गार्ड असतो.

केंद्रात इन्व्हर्टर असल्यास त्याच्या मागचा खटका ‘यूपीएस’ या बाजूला ठेवावा. ‘नॉर्मल’वर पंखे-दिव्यांना अडचण येत नाही, पण बदलाला लागणारा वेळ संगणकाला परवडत नाही.

प्रश्न : मी लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करतो. दिवाळीत ग्राफिक्स कार्ड बसवले. साधे काम सुरळीत चालते, पण चित्रफीत अंतिम करण्यास लावली की काही मिनिटांत संगणक धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ असे दिसते. विक्रेता म्हणतो, विंडोज नव्याने टाका. एसएमपीएस ४५० वॉटचा आहे.
– एक छायाचित्रकार, सोलापूर

उत्तर : ‘४१’ ही नोंद कारण सांगत नाही, मागच्या खेपेला संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या खिडकीत) तिचा तपशील उघडून ‘बगचेक कोड’ पाहावा. तेथे शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा दाखवण्याइतकीही उसंत मिळालेली नव्हती आणि संशय वीज किंवा उष्णता यांच्यावर जातो. शून्याखेरीज काही असेल तर ड्रायव्हर किंवा रॅमचा शोध घ्यावा. आपण लिहिता त्यावरून शून्यच असण्याचा संभव अधिक.

आता एसएमपीएसच्या लेबलवरचा मोठा आकडा सोडून खालची बारीक अक्षरे वाचावीत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात. स्वस्त ‘४५० वॉट’च्या लेबलवर त्या ओळीपुढे १६ अँपिअर लिहिलेले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट एवढीच आपली खरी पुंजी. ग्राफिक्स कार्ड आपल्या खाचेतून ७५ वॉटपर्यंत, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत घेऊ शकते. आपल्या कार्डाला आठ पिनांची जोडणी असेल तर ते एकटेच २२५ वॉटपर्यंत मागू शकते. प्रोसेसरचे १०० वॉट वेगळेच. पत्रव्यवहार करताना, गाणी ऐकताना ही मागणी दिसत नाही. चित्रफीत अंतिम करताना प्रोसेसर आणि कार्ड दोघेही एकदम जोर लावतात, बारा व्होल्टची ओळ अकराच्या खाली घसरते आणि राखाडी तारेवरचा होकार निघून जातो. मदरबोर्डच्या दृष्टीने ते वीज गेल्यासारखेच असते.

खात्री करणे सोपे आहे. कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडावा (प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर) आणि तेच काम, वेळ लागला तरी, पूर्ण करून पाहावे. संगणक टिकला तर नवे विंडोज नको, नवा एसएमपीएस हवा. तो घेताना एकूण वॉटऐवजी १२ व्होल्टच्या ओळीचे अँपिअर विचारावेत. डिस्कच्या जुन्या जोडणीतून कार्डाला वीज देणारे दुभाजक वापरले असतील तर ते आजच काढावेत. त्यांचे प्लास्टिक वितळलेले मी हातात धरले आहे.

कार्ड काढूनही संगणक बंद पडला, तर प्रोसेसरच्या पंख्याकडे वळावे. तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये बसलेली धूळ ब्रशने काढून त्याखालची उष्णता वाहणारी थर्मल पेस्ट नव्याने लावल्यास हा दोष अनेकदा अगदी किरकोळ खर्चात जातो.

प्रश्न : संगणक सुरू होतो आणि मोजून चार-पाच सेकंदांत बंद होतो. असे दहा वेळा केले तर अकराव्यांदा चालतो. एसएमपीएस बदलला, फरक नाही.
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ‘मोजून चार-पाच सेकंद’ असे आपण लिहिले हे फार बरे झाले. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद होतो, ही सोय सर्वच आधुनिक मदरबोर्डांवर असते. आपले बटण दाबल्यावर आत अडकून राहत असावे. त्यामुळे तेच संगणक सुरू करते आणि तेच बंद करते. वर गुरुजींना सांगितलेला रिसेट बटणाचा प्रयोग करावा. एसएमपीएस परत करता आला तर पाहा.

प्रश्न : रोज सकाळी संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते आणि कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. शिवाय, लाइट जाऊन आली की संगणक कोणी हात न लावता सुरू होतो. घरची मंडळी घाबरतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींचा उगम मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या सेलशी जोडता येतो. आपण रात्री भिंतीचा खटका बंद करत असाल. मग घड्याळ त्या सेलवर चालते आणि सेल संपला की तारीख मागे जाते. तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अजून सुरूच न झालेली’ ठरतात, म्हणून ती उघडत नाहीत. सेल बदलून तारीख लावावी. सेल संपल्यावर बायोसमधल्या (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीतल्या) निवडीही पुसल्या जातात. त्यांत वीज परतल्यावर काय करावे याची एक निवड असते. ती ‘पॉवर ऑफ’ करून ठेवली की घरात भूत उरणार नाही.

प्रश्न : आमचे घर जुने, कौलारू आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, उन्हाळ्यात अधिक. टेस्टर लावला तर मंद पेटतो. संगणक उत्तम चालतो. इलेक्ट्रिशियनने सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग तारेने जोडून दिले, तेव्हापासून झिणझिण्या बंद झाल्या. मुलगा अनवाणीच बसतो, म्हणून विचारते, हे ठीक आहे ना?
– एक गृहिणी, म्हापसा

उत्तर : ताई, ठीक नाही. ही तार आजच काढून घ्यावी.

आधी झिणझिण्यांचे कारण सांगतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कॅपॅसिटर असतात. एक फेज (विजेची जिवंत तार) आणि पत्रा यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. प्रवाह थोडा असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात अधिक येतात, कारण अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जांभ्याची कोरडी जमीन वीज सहज सामावून घेत नाही. संगणक उत्तम चालतो याचे आश्चर्य नाही. चालण्यासाठी त्याला अर्थिंग लागतच नाही, ते आपल्यासाठी असते.

इलेक्ट्रिशियनने केलेल्या जोडणीत पत्रा आता न्यूट्रलला बांधलेला आहे. घराकडे येणारी न्यूट्रलची तार खांबावर किंवा मीटरपाशी सुटली, आणि वादळात ती सुटते, तर घरात चालू असलेल्या दिव्यातून किंवा फ्रिजमधून फेज त्या पत्र्यावर येईल. तेव्हा प्रवाह झिणझिण्यांपुरता राहणार नाही. फेज आणि न्यूट्रल कोणी उलटसुलट जोडले, तरी तेच होईल.

खरा उपाय असा : खड्ड्यातली इलेक्ट्रोडची जोडणी उघडून गंजलेली पट्टी आणि नटबोल्ट बदलावेत, खड्ड्यात पाणी घालण्याची नळी मोकळी करावी आणि मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा खटका) बसवून घ्यावा. काम झाल्यावर सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून घ्यावा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३०, फेज आणि अर्थिंग यांच्यात जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टच दिसले पाहिजेत. शेवटचा आकडा अगदी शून्य आला, तर ती तार अजून तेथेच आहे का हे सॉकेट उघडून पाहावे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा करणारा अडॅप्टर घरात असेल तर तोही काढून टाकावा. हे सारे होईपर्यंत मुलाला त्या संगणकावर बसू देऊ नये. प्लग भिंतीतून काढूनच ठेवावा.